लहान, खुल्या अर्थव्यवस्थेत महागाई येते कुठून आणि टिकते कशामुळे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाठ्यपुस्तकात चलनवाढीची दोन कारणे असतात, मागणी वाढली म्हणून किंवा खर्च वाढला म्हणून. मग श्रीलंका, नेपाळ, सिंगापूर यांसारख्या लहान देशांत, जिथे बऱ्याच वस्तू बाहेरून येतात, तिथे कोणते कारण धरायचे? आणि डॉलर हलला की त्याच दिवशी नागपुरात इतवारीत तेलाचा डबा का हलतो?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

‘लहान’ म्हणजे लोकसंख्येने किंवा क्षेत्रफळाने लहान नव्हे. ज्या देशाच्या खरेदी-विक्रीने जागतिक भाव हलत नाही, जो मिळेल तो भाव मुकाट्याने घेतो, तो देश त्या वस्तूपुरता लहान. खाद्यतेलात भारत अवाढव्य ग्राहक आहे आणि त्याच्या खरेदीचा परिणाम क्वालालंपूरच्या पामतेलाच्या वायदेबाजारावरही दिसतो, म्हणून भारत पूर्णपणे ‘लहान’ नाही. पण इतवारीतला घाऊक व्यापारी मात्र शंभर टक्के लहान आहे. त्याच्यापुरता भाव बाहेर ठरतो आणि तो फक्त पडतळ, म्हणजे माल हातात पडेपर्यंतचा एकूण खर्च, काढतो.

ती पडतळ आपणही काढू. सोपे जावे म्हणून आकडे गोल घेतो. कच्चे पामतेल टनाला १,००० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये, म्हणजे बंदरात किलोला ८५ रुपये. कच्च्या तेलावरचे एकूण शुल्क १६.५ टक्के (मूळ शुल्क १० टक्के, कृषी उपकर ५ टक्के आणि या दोन्हींवर १० टक्के समाजकल्याण अधिभार) लावले की ९९ रुपये. रिफायनिंग, घट, डबा, काकीनाडा किंवा कांडल्याहून नागपूरपर्यंतचे भाडे, दलाली मिळून किलोला १२ रुपये धरू. झाले १११. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ११६.६०. आता दुसरे काहीही न बदलता डॉलर ९० झाला असे समजा. ९० गुणिले १.१६५ म्हणजे १०४.८५, त्यात १२ मिळवून ११६.८५ आणि जीएसटीसह १२२.७०. किलोमागे सहा रुपये दहा पैसे वाढले. १५ किलोच्या डब्यामागे सुमारे ९२ रुपये.

यात दोन गोष्टी नीट पाहा. डॉलर ५.९ टक्के महागला आणि डबा ५.२ टक्के वाढला, कारण मधले १२ रुपये स्थानिक खर्चाचे होते आणि ते हलले नाहीत. दुसरे म्हणजे शुल्क टक्क्यांत असल्यामुळे सरकारचा वाटाही रुपयांत आपोआप वाढला. आधीचे १४ रुपये पुढे १४.८५ झाले. रुपया घसरल्यावर शुल्क तेवढेच ठेवले, तर ती एक छोटी करवाढच असते. सीमाशुल्क विभाग तेलाचे आधारमूल्य, म्हणजे ज्या किमतीवर शुल्क आकारायचे ती, साधारण दर पंधरवड्याला डॉलरमध्ये जाहीर करतो, त्यामुळे हा हिशेब करताना बाजारभाव आणि आधारमूल्य दोन्ही समोर ठेवावे लागतात.

बोट यायला वेळ लागतो. मलेशिया-इंडोनेशियाचे पाम आठ-दहा दिवसांत येऊ शकते, दक्षिण अमेरिकेच्या सोयातेलाला महिना-दीड महिना लागतो. मग भाव त्याच दिवशी का वाढतो? व्यापाऱ्याच्या गोदामातला जुना माल विकला गेला की त्या जागी नवा माल नव्या भावाने भरावा लागतो. जुन्या खरेदीवर नफा काढून विकत राहिला, तर पुढच्या खेपेला त्याचे भांडवल तेवढे डबे घ्यायला पुरत नाही. म्हणून भाव नेहमी ‘पुढच्या’ मालाचा लागतो. साठेबाजी वेगळी आणि हे वेगळे. उतरत्या बाजारात मात्र किरकोळ दुकानदार जुना महागडा माल संपेपर्यंत भाव धरून ठेवतो. चढताना दिवसांत आणि उतरताना आठवड्यांत, असा फरक त्यामुळे पडतो.

सोयाबीनचेही तसेच. नागपूरच्या कळमना बाजारात येणारे सोयाबीन समुद्र ओलांडत नाही, उमरेड-काटोलच्या शेतातून येते. तरी त्याचा भाव बाहेर ठरतो. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. तेलाला आयात पामची स्पर्धा आणि पेंडेला निर्यातीच्या भावाची. मधला गाळप खर्च वजा केला की सोयाबीनचा भाव उरतो. म्हणून महागाईचे विश्लेषण करताना ‘आयात केलेल्या’ वस्तू मोजून भागत नाही. आयात किंवा निर्यात होऊ शकणाऱ्या सगळ्याच वस्तू, म्हणजे व्यापारयोग्य वस्तू, एका बाजूला काढाव्या लागतात. दुसऱ्या बाजूला घरभाडे, शिकवणी, दवाखान्याची फी, केशकर्तन, रिक्षाचे भाडे. या गोष्टी ढाक्याहून किंवा दुबईहून येत नाहीत.

आता देशाकडे येऊ. व्यापारयोग्य वस्तूंचा भाव तीन आकड्यांच्या गुणाकारातून येतो: जागतिक भाव, विनिमय दर आणि सीमेवरचा कर-वाहतूक खर्च. तिन्हींपैकी कोणताही वाढला तर देशातला भाव वाढेल. २०२२ मध्ये पहिला वाढला: युक्रेन युद्धाने गहू, सूर्यफूल तेल आणि इंधन महागले, वर इंडोनेशियाने २८ एप्रिलपासून जवळजवळ महिनाभर पामतेलाची निर्यात थांबवली. तिसऱ्याचे उदाहरण आपल्याकडचेच. १४ सप्टेंबर २०२४ पासून भारताने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले. वरच्याच गोल आकड्यांवर हिशेब केला तर जीएसटी सोडून किलोमागे १८ रुपये ७० पैसे, आणि त्या दिवशी जगात काहीही बदललेले नव्हते. सोयाबीन उत्पादकाला आधार देण्यासाठी ते केले होते, आणि विदर्भातला शेतकरी हमीभावाखाली विकत असताना त्याला तो आधार हवाच होता, असे माझे मत आहे. पण त्याचा भार घरोघरच्या कढईवर पडला हेही खरे. मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आणले गेले.

वाहतुकीचा मार्ग तुटला तर काय होते, ते नेपाळने २०१५-१६ मध्ये भोगले. सप्टेंबर २०१५ पासून भारतीय सीमेवरची वाहतूक महिनोन्महिने अडली. जगात तेव्हा कच्चे तेल स्वस्त होत होते आणि भारतात महागाई ६ टक्क्यांच्या आत होती, तरी नेपाळात ती दोन आकड्यांवर गेली. समुद्र नसलेल्या प्रदेशाला हा धोका कायमचा असतो.

इथपर्यंत जे सांगितले ते भाव *चढण्याचे* कारण. महागाई *टिकण्याचे* कारण वेगळे असते आणि माझ्या मते सगळा गोंधळ इथेच होतो. डॉलर ८५ चा ९० झाला आणि तिथेच थांबला, तर तेल एकदाच वाढेल. पुढचे बारा महिने मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करताना महागाईचा दर जास्त दिसेल. तेराव्या महिन्यात तुलनेचा आधारच वर सरकलेला असेल, आणि दर आपोआप खाली येईल. भाव मात्र खाली येणार नाहीत. ‘महागाई कमी झाली म्हणतात, मग बाजारात स्वस्त का नाही?’ या रास्त तक्रारीचे उत्तर एवढेच आहे: वेग कमी झाला, उंची तीच राहिली.

दर वर्षी महागाई चढीच राहायची असेल, तर दर वर्षी चलन घसरत राहावे लागते किंवा स्थानिक मजुरी-भाडे-सेवा वाढत राहाव्या लागतात. ही दोन्ही कामे बाहेरचा कोणी करू शकत नाही. त्यासाठी घरचे सरकार आणि घरची मध्यवर्ती बँक लागते.

हे यंत्र कसे चालते ते एका ताळेबंदावर पाहू. समजा, एका लहान देशाने आपल्या चलनाचा डॉलरशी दर पक्का बांधला आहे. मध्यवर्ती बँकेने चलनात आणलेला पैसा १००. त्यामागे गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा साठा, ६० आणि सरकारला दिलेले कर्ज ४०. सरकारने तूट भरायला आणखी २० छापून घेतले. चलन १२० झाले. लोकांच्या हातात पैसा आला, त्यांनी जास्त खरेदी केली. पण वस्तू बाहेरून येतात, त्यामुळे भाव वाढले नाहीत, आयात वाढली. आयातदारांनी बँकेकडून २० चे डॉलर विकत घेतले आणि स्थानिक चलन परत दिले. चलन पुन्हा १००. गंगाजळी मात्र ४०, सरकारचे कर्ज ६०. बाजारात भाव स्थिर, लोक खूश. पुढच्या वर्षी असेच आणखी एकदा केले की गंगाजळी २०. तिसऱ्यांदा शून्य. चौथ्यांदा द्यायला डॉलर नाहीत, दर तुटतो, आणि तीन वर्षांची न दिसलेली महागाई तीन महिन्यांत दिसते.

म्हणून बांधलेल्या दराच्या देशात नोटा छापल्याचा परिणाम आधी गंगाजळीत पाहायचा, किमतींत नंतर. ‘पैसा इतका वाढला तरी महागाई कुठे आहे?’ असे म्हणणाऱ्यांनी आयातीचे महिने मोजावेत. गंगाजळी भागिले महिन्याची आयात. तीन महिन्यांच्या खाली आली की काळजी करायची, हा जुना ठोकताळा अजूनही उपयोगी आहे.

श्रीलंकेत नेमका हाच क्रम घडला. २०१९ च्या अखेरीस व्हॅट १५ वरून ८ टक्के केला आणि इतरही कर कमी केले. महसूल कोसळला, पाठोपाठ कोविडने पर्यटन बंद झाले. तुटीचा मोठा भाग मध्यवर्ती बँकेने भरला. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली, ती नोव्हेंबरमध्ये मागे घेतली, पण तोवर भाताचा हंगाम बिघडला होता. डॉलर २०० श्रीलंकन रुपयांच्या आसपास धरून ठेवला होता. २०१९ च्या अखेरची साडेसात अब्ज डॉलरच्या घरातली गंगाजळी मार्च २०२२ पर्यंत दोन अब्जांखाली आली. त्या मार्चमध्ये दर मोकळा सोडला आणि काही आठवड्यांत डॉलर ३६० च्या आसपास गेला. १२ एप्रिलला परकीय कर्जाची फेड थांबवल्याचे सरकारने जाहीर केले. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोचा महागाई दर ६९.८ टक्के होता, अन्नधान्याचा त्याहून जास्त, ९४.९.

यातले किती बाहेरचे? डॉलर ८० टक्के महागला. ग्राहकाच्या टोपलीत आयातीचा थेट आणि आडून येणारा वाटा ३५ टक्के धरला आणि पूर्ण भार ग्राहकावर टाकला, तरी २८ टक्केच होतात. उरलेल्यात जगातले इंधन-धान्य महागणे आहे, दाबून ठेवलेले पेट्रोल-वीज-गॅसचे दर एकदम सोडणे आहे, घटलेले देशी पीक आहे आणि आधी छापलेल्या पैशाला अखेर वाट मिळणे आहे. असा ढोबळ हिशेब प्रत्येक वेळी करून पाहावा. ‘सगळे युद्धामुळे’ किंवा ‘सगळे नोटा छापल्यामुळे’, अशा दोन्ही दाव्यांतली हवा त्याने निघते.

उतारही तितकाच शिकण्यासारखा आहे. ८ एप्रिल २०२२ ला व्याजदर एका फटक्यात ७ टक्के बिंदूंनी वाढवून मध्यवर्ती बँकेने बँकांना द्यायच्या कर्जाचा दर १४.५ टक्क्यांवर नेला, पुढे करही वाढवले, मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सुमारे ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला आणि त्याच वर्षी नव्या कायद्याने मध्यवर्ती बँकेने सरकारला थेट पैसा देणे बंद केले. जुलै २०२३ मध्ये महागाई ६.३ टक्क्यांवर होती. लहान खुल्या अर्थव्यवस्थेत व्याजदराचे औषध विनिमय दरातून लवकर लागू पडते, कर्ज-मागणीतून सावकाश. पण मजुरांचे पगार त्या ७० टक्क्यांच्या लाटेत जेवढे मागे पडले, ते दर खाली आल्याने भरून निघत नाहीत. श्रीलंकेची गोष्ट यशोगाथा म्हणून सांगणाऱ्यांनी हे विसरू नये.

नेपाळचे चित्र वेगळे. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर पक्का आहे. बहुतेक व्यापार भारताशी, पेट्रोल-डिझेल इंडियन ऑइलकडून. त्यामुळे नेपाळची महागाई भारताच्या मागे-मागे चालते आणि तिच्या बरीच वर फार काळ राहू शकत नाही. पण नेपाळात आखाती देशांतून आणि मलेशियातून कामगारांचा पैसा येतो, देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे चौथा हिस्सा. त्या पैशाने मोबाइल आणि तांदूळ महागत नाहीत, ते आयात होतात. महागते काय, तर काठमांडूची जमीन, गवंड्याची मजुरी, खासगी शाळेची फी. बाहेरचा पैसा आत आला की व्यापारयोग्य वस्तूंचे भाव जागच्या जागी आणि सेवांचे भाव वर, हे मागणीतून येणाऱ्या महागाईचे ओळखचिन्ह आहे. सिंगापूरने यासाठी वेगळा मार्ग घेतला. तिथली मध्यवर्ती बँक १९८१ पासून व्याजदराऐवजी चलनाचा दरच हत्यार म्हणून वापरते. महागाई बाहेरून येऊ लागली की चलन हळूहळू महाग होऊ देते. ऑक्टोबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या काळात तिने असे पाच वेळा केले. हे जमते कारण गंगाजळी भरपूर आहे आणि सरकार तुटीसाठी बँकेच्या दारात जात नाही. या दोन अटींशिवाय नक्कल केली, तर श्रीलंका होते.

आणि नागपूर? शहर म्हणून पाहिले तर नागपूर टोकाची लहान, खुली अर्थव्यवस्था आहे. स्वतःचे चलन नाही, सीमा नाही, उर्वरित देशाशी दर कायमचा एकास एक. त्यामुळे कळमन्यातली तूरडाळ अकोल्याच्या किंवा लातूरच्या डाळीपासून भाड्याच्या अंतरापेक्षा जास्त काळ वेगळी राहू शकत नाही. फरक पडला की दोन दिवसांत ट्रक तो मिटवतात. पण मानेवाड्याचे घरभाडे मुंबईच्या भाड्यापर्यंत जात नाही, कारण खोली ट्रकमध्ये भरता येत नाही. मिहान-बुटीबोरीच्या उद्योगांत पगार वाढले तर आधी भाडी आणि शिकवण्या वाढतील, डाळ नाही.

स्वतः तपासायचे असेल तर नागपूर सोयीचे आहे. केंद्र सरकारचे श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्रनिहाय दरमहा प्रसिद्ध करते आणि नागपूर त्यातले एक केंद्र आहे (पायाभूत वर्ष २०१६). महागाई भत्ता देशपातळीच्या याच निर्देशांकावर ठरतो. आधी अन्न, इंधन, कपडे एका बाजूला काढा आणि घर, आरोग्य-शिक्षण दुसऱ्या बाजूला. मग जागतिक भाव रुपयांत बदलून पहिल्या गटाशेजारी ठेवा, पण तीन ते सहा महिने मागे सरकवून. घाऊक तेल त्याच दिवशी हलले तरी पूर्ण गटाचा निर्देशांक मागून हलतो, म्हणून त्याच महिन्याशी जोडलेत तर संबंध अंधूक दिसेल. डॉलरचाच दर घ्या, आयात मलेशियाची असली तरी, कारण बिल डॉलरमध्ये फाटते. डिझेलचा आडून येणारा भाग विसरू नका. कॉटन मार्केट या इथल्या भाजीबाजारातल्या भाजीतही तो असतो. पहिला गट चढून थांबला आणि वर्षभराने दुसरा गट शांतच असेल, तर धक्का बाहेरचा होता आणि तो जिरला. दुसरा गटही चढू लागला असेल तर कारण आता घरात आले आहे. सरकारने दर गोठवलेल्या वस्तू, उदाहरणार्थ युरिया, या हिशेबातून वेगळ्या ठेवा: तिथे भाव न वाढता अनुदान वाढते, म्हणजे महागाई अर्थसंकल्पात लपलेली असते.

‘लहान’ या गृहीतकाची मर्यादाही सांगतो. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेले, तेव्हा नियमाप्रमाणे सगळा भार ढाक्याच्या ग्राहकावर पडायला हवा होता. तसे झाले नाही. नागपुरी संत्रे फार दिवस टिकत नाही आणि बांगलादेश हाच त्याचा मोठा परदेशी ग्राहक होता. तिथे उठाव कमी झाला आणि वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बागांत भाव पडले. शुल्काचा मोठा वाटा इथल्या बागायतदाराने भरला. उलट २९ सप्टेंबर २०१९ ला भारताने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा ढाक्यात नोव्हेंबरमध्ये कांदा किलोला २०० टाकांच्या वर गेला आणि विमानाने आणावा लागला. शेजारी एकच, सीमा तीच. कर किंवा बंदीचा भार कोणावर पडेल, हे ज्याला दुसरा गिऱ्हाईक किंवा दुसरा विक्रेता लवकर मिळत नाही त्यावरून ठरते. त्यामुळे कोणत्याही वस्तूचा हिशेब मांडताना आधी तिचे दुसरे बंदर, दुसरी मंडी आणि माल किती दिवस टिकतो, हे तिन्ही विचारून घ्या.